जीव वाचविण्याचा सराव जिवावर बेतू नये

भर समुद्रातून चाललेल्या एका मालवाहू जहाजावर आपण उभे आहात, अशी क्षणभर कल्पना करा. सकाळची न्याहारी नुकतीच आटोपली आहे. यंत्रघरातून येणारी घरघर सोडली तर सारे शांत आहे. इतक्यात भोंगा वाजू लागतो. एकामागून एक सात आखूड आवाज आणि त्यांच्या पाठोपाठ एक लांबलचक आवाज! जो तो हातातले काम टाकतो, अंगात जीवरक्षक जाकीट चढवितो आणि आपल्याला नेमून दिलेल्या जागी धावतो. हजेरी होते. जहाजाच्या बाजूला, पाण्यापासून कित्येक मीटर उंचीवर टांगलेली नारिंगी रंगाची जीवनौका हळूहळू कठड्याबाहेर काढली जाते.

जहाजाला कोठेही भोक पडलेले नाही, की आग लागलेली नाही. ही केवळ कवायत आहे. उद्या खरोखरच जहाज सोडण्याची वेळ आली तर कोणाचाही हात चुकू नये, पाय अडखळू नये, यासाठी केलेला हा सराव आहे. परंतु वाचकहो, ज्या नौकेने जीव वाचवायचे, त्याच नौकेच्या सरावात जगभर अनेक खलाशांनी आपले प्राण गमावले आहेत. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने २००१ साली आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांच्या अवधीत जीवनौका आणि त्या खाली सोडण्याची यंत्रणा यांच्या अपघातांत १२ माणसे मृत्युमुखी पडल्याचे आणि ८७ जखमी झाल्याचे आढळले. त्या नोंदींतील व्यापारी जहाजांवरच्या एकंदर मृत्यूंपैकी हे प्रमाण शेकडा १६ होते. मेलेली माणसे नवशिकी नव्हती. आपले काम जाणणारे अनुभवी दर्यावर्दी होते.

असे का व्हावे? आणि ते टाळण्यासाठी काय करता येते? ज्यांच्या घरचा मुलगा, भाऊ किंवा पती बोटीवर आहे, त्यांनी तर हे समजून घ्यावेच. परंतु ज्याने कधी समुद्र पाहिलाही नाही, त्यालाही या कथेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सराव हवाच कशासाठी?

इतका धोका असेल तर सरावच बंद करावा, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला १९१२ सालच्या एप्रिल महिन्यातील त्या काळरात्रीकडे वळावे लागते. ‘टायटॅनिक’ जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवनौकांमध्ये जागा होती अवघ्या १,१७८ जणांची. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु जागा कमी असूनही त्यांतल्या कित्येक रिकाम्याच गेल्या, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. पाण्यात सोडलेली पहिली नौका ६५ जणांना पुरेल एवढी होती. तीतून अवघे २८ जण गेले. वाचलेल्यांची संख्या सुमारे ७०० च राहिली. माणसांनी भरलेली नौका वरून सोडली तर ती टांगणारे पोलादी बाहू तो भार पेलतील की नाही, याविषयी अधिकाऱ्यांचीच खात्री नव्हती. कोणी कोठे जायचे, हे पुष्कळ खलाशांना नीट ठाऊक नव्हते. थोडक्यात, साधने अपुरी होतीच. पण जी होती ती वापरण्याचा सरावही अपुरा होता.

या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रावरील मानवी जीविताच्या सुरक्षिततेविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज १९७४ सालचा करार त्याच्या जागी आहे, आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक खलाशाने दरमहा किमान एकदा जहाज सोडण्याच्या कवायतीत आणि किमान एकदा आग विझविण्याच्या कवायतीत भाग घेतलाच पाहिजे. जहाजावरील चौथ्या हिश्शाहून अधिक माणसांनी मागील महिन्यात त्याच जहाजावर कवायत केलेली नसेल, तर बंदर सोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ती घ्यावी लागते. जहाज सोडण्याचा इशारा झाल्यावर मालवाहू जहाजावरील सर्व जीवनौका दहा मिनिटांत पाण्यात उतरविता आल्या पाहिजेत. अंधारात, उसळत्या लाटांत, जहाज एका कुशीवर कलंडलेले असताना ही दहा मिनिटे किती अपुरी असतील, याची कल्पना आपण करू शकता. पुस्तक वाचून हे साधत नाही. ते हाताच्या सवयीनेच साधते.

म्हणून सराव टाळणे हा उपाय नव्हे. सराव अधिक सुरक्षित करणे, हाच खरा उपाय होय.

उपायातून उपजलेला अपाय

या प्रश्नाची एक बाजू मोठी विचार करायला लावणारी आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेच्या तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर शेलान’ नावाचा एक तरंगता तळ वादळात उलटला. त्यावर २१२ माणसे होती. त्यांपैकी १२३ जण मृत्यू पावले. तळ कलंडत असताना चार जीवनौका खाली सोडण्यात आल्या, परंतु त्यांतील एकच दोरांपासून सुटी होऊ शकली. कारण असे की, दोरांवर नौकेचा भार असेतोवर आकडे उघडूच नयेत, अशी त्यांची रचना होती. एरवी ही रचना सुरक्षितच. पण लाटा नौकेला वर उचलत आणि पुन्हा खाली आदळत असताना दोर सैल होईनात आणि आकडेही सुटेनात.

या घटनेपासून धडा घेऊन नियम बदलले. १ जुलै १९८६ पासून बांधलेल्या जहाजांवर भार असतानाही उघडता येतील असे आकडे बसवावे लागले. हेतू चांगला होता. पण दोरांवर भार असताना उघडणारा आकडा नौका हवेत लोंबकळत असतानाही उघडू शकतो! वाचविण्यासाठी दिलेली कळ चुकीच्या क्षणी दाबली गेली, अथवा आपोआप सरकली, तर कित्येक टन वजनाची नौका आतल्या माणसांसह थेट पाण्यावर आदळते. एक धोका दूर करताना दुसरा धोका घरात आला तो असा.

आकड्याची ही रचना आपण थोडी समजून घेऊ. नौकेच्या पुढल्या व मागल्या टोकाला एकेक आकडा असतो आणि त्यांत पोलादी दोरांच्या टोकांच्या कड्या अडकविलेल्या असतात. आकडा मिटलेला राहावा म्हणून त्याच्या मागे एक फिरता अडसर असतो. नौका चालविणाऱ्याजवळचा दांडा ओढला की लांब तारेच्या साहाय्याने दोन्ही अडसर एकाच वेळी फिरतात आणि आकडे उघडतात. कवायत संपल्यावर नौका परत वर घेण्यापूर्वी आकडे पुन्हा मिटवावे लागतात, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. आकडा बाहेरून मिटल्यासारखा दिसतो, परंतु आतील अडसर पुरता जागेवर बसलेला नसतो. तार गंजलेली असेल किंवा तिची लांबी नीट जुळविलेली नसेल, तर दांडा जागेवर येऊनही अडसर अर्धवटच राहतो. नौका वर चढू लागते, एखादा हिसका बसतो आणि आकडा उघडतो. दाराला कडी लावली असे समजून आपण निजावे आणि कडी कोयंड्यात गेलेलीच नसावी, तशातला हा प्रकार.

हे टाळण्यासाठी नौका पाण्यावर टेकल्याशिवाय दांडा सरकू नये, अशी पाण्याच्या दाबावर चालणारी अडसर-योजना असते. आणीबाणीत ती बाजूला सारण्याची सोयही असते, मात्र ती सहज हाती लागू नये म्हणून झाकून ठेवलेली असते. इतके करूनही अपघात थांबेनात, तेव्हा लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ साली जुन्या आकड्यांची परीक्षा घेण्याचा नियम केला. तो १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. जे आकडे कसोटीला उतरले नाहीत, ते बदलण्यासाठी १ जुलै २०१९ ही अखेरची मुदत होती.

याच काळात आणखी एक साधा आणि स्वस्त उपाय पुढे आला. तो म्हणजे आकड्याला समांतर असा मजबूत कृत्रिम धाग्यांचा पट्टा बांधणे, किंवा आकड्यात अडकणखीळ घालणे. आकडा अवचित उघडलाच तर नौकेचा भार हा पट्टा पेलतो. माणसांनी भरलेल्या नौकेच्या भाराच्या निदान सहापट बळ त्यात असावे लागते. यासाठी साखळी किंवा पोलादी तार वापरू नये, असे स्पष्ट सांगितलेले आहे, कारण अकस्मात बसणारा हिसका त्या सोसून घेत नाहीत. मात्र नौका पाण्यावर टेकल्यावर हे बंधन आठवणीने काढावे लागते. नाहीतर खऱ्या संकटात तेच बंधन गळ्याचा फास ठरावयाचे. म्हणून ते ठळक रंगाचे असते आणि ते केव्हा घालावे व केव्हा काढावे, हा कवायतीचाच एक भाग असतो.

दिसत नाही ते तपासावे

आकड्याइतकेच महत्त्व नौकेला तोलून धरणाऱ्या पोलादी दोराचे आहे. १० फेब्रुवारी २०१३ रोजी कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा येथील बंदरात ‘थॉमसन मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजावर कवायत चालू होती. आठ खलाशी नौकेत होते. कवायत पार पडून नौका वर घेतली जात होती. ती जवळजवळ आपल्या जागी पोहोचलीही होती. एवढ्यात पुढील बाजूचा दोर तुटला. नौका खाली कोसळून पाण्यात पालथी झाली. पाच जण दगावले आणि तिघे जखमी झाले.

हा दोर फार जुना होता काय? नाही. तो सुमारे अडीच वर्षांपूर्वीच बदललेला होता. नियमानुसार असे दोर पाच वर्षांच्या आत, किंवा खराब झाल्यास त्यापूर्वीच, बदलावयाचे असतात. परंतु नौका आपल्या जागी टांगलेली असताना दोराचा काही भाग कप्पीच्या खोबणीत महिनोन्‌महिने पडून राहतो. तेथे खारे पाणी साचते; वंगणाचा हात पोहोचत नाही. दोर वरून चकचकीत दिसतो आणि आतून गंजत जातो. ज्या जागी डोळा पोहोचत नाही, नेमकी तीच जागा दगा देते. नियमाने दिलेली पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे, हा या दुर्घटनेचा धडा.

म्हणूनच देखभालीचे नियमही आता कडक झाले आहेत. दर आठवड्याला आणि दर महिन्याला जहाजावरील माणसांनी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तपासणी करावयाची असते. नौकेचे इंजिन आठवड्यातून एकदा किमान तीन मिनिटे चालवून पाहावे लागते. वर्षातून एकदा प्रमाणपत्रधारक तज्ज्ञाकडून सर्व यंत्रणेची कसून परीक्षा होते आणि दर पाच वर्षांनी नेहमीच्या पूर्ण भाराच्या १.१ पट भार लावून ती तावून सुलाखून पाहिली जाते. हे नियम १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहेत.

सुरक्षित सरावाची रीत

आता आपण त्या मालवाहू जहाजाकडे परत येऊ. तेथील कप्तान जाणता असेल, तर तो कवायत कशी घेईल?

पहिली गोष्ट, तो घाई करणार नाही. समुद्र खवळलेला असेल तर तो त्या दिवशी नौका खाली सोडणारच नाही. हजेरी आणि तोंडी उजळणी यांवर भागवील. कवायतीपूर्वी तो सर्वांना जवळ बोलावून आज काय करावयाचे, कोणाचा हात कोठे असेल आणि ‘थांबा’ अशी हाक कोणीही देऊ शकतो, हे समजावून सांगेल. जहाजावर चार देशांची माणसे असली तर ज्या भाषेत सर्वांना समजते तीच भाषा वापरील. नुसती मान डोलावली म्हणजे समजले, असे तो मानणार नाही.

दुसरी गोष्ट, तो नौका प्रथम रिकामीच खाली सोडून परत वर घेईल. यंत्रणा नीट चालते याची अशी खात्री झाल्यावरच माणसांचा प्रश्न येतो. आणि तेव्हाही नौका चालविण्यास आवश्यक तेवढीच माणसे आत बसतील. दर तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक जीवनौका पाण्यात उतरवून चालवून पाहावी, असा नियम आहे. नौका खाली सोडताना चालक मंडळींनी आत बसलेच पाहिजे, अशी पूर्वी समजूत होती. १ जुलै २००६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती सक्ती उरली नाही. नौका रिकामी उतरवून माणसांनी पाण्यावर तीत चढावे, अशी मोकळीक कप्तानाला मिळाली. बदल लहानसा, पण माणूस आणि उंची यांची गाठ त्याने सोडविली.

तिसरी गोष्ट, नौका वर घेण्यापूर्वी दोन्ही आकडे दोन वेगवेगळ्या माणसांनी डोळ्यांनी पाहावेत, अडसर खुणेवर आला आहे की नाही हे तपासावे आणि मोठ्याने सांगावे, असा त्याचा दंडक असेल. नौका पाण्यापासून किंचित वर उचलून तेथेच क्षणभर थांबवील आणि पुन्हा एकवार पाहणी करील. काही दगाफटका व्हावयाचाच असेल तर तो हातभर उंचीवर होऊ दे, पाच मजल्यांवर नको!

कित्येक जहाजांच्या मागील बाजूस उतरत्या घसरगुंडीवर ठेवलेली निराळ्या प्रकारची नौका असते. १ जुलै २००६ पासून बांधलेल्या, सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर ती सक्तीची आहे. ही नौका दोरांनी उतरत नाही. कळ ओढताच ती सरळ समुद्रात सूर मारते. हिच्यातील माणसे पाठीच्या दिशेने तोंड करून बसतात आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असतात. पट्टा सैल राहिला तर पाठीचा कणा व मान यांना इजा होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी प्रत्यक्ष सूर न मारता, नौकेला मागून आवरून धरून, केवळ सुटण्याची क्रिया पारखण्याची लुटुपुटीची रीतही नियमांत मान्य केली आहे.

कागदावरची कवायत

वाचकहो, येथवर आपण यंत्रांविषयी बोललो. पण या प्रश्नाचा गाभा माणसाच्या मनात आहे.

ज्या नौकेवर भरवसा नाही, तीत पाऊल ठेवण्यास कोण धजेल? अपघातांच्या वार्ता कानी येऊ लागल्या की खलाशांच्या मनात भीती घर करते. मग नौका जागची हालतही नाही आणि वहीत मात्र ‘कवायत यथासांग पार पडली’ अशी नोंद होते. या नोंदीने तपासनिसाचे समाधान होईल, समुद्राचे होणार नाही. न चालविलेले यंत्र गंजते, न वळलेला हात विसरतो, आणि पुढल्या वेळी सराव अधिकच धोक्याचा होतो. भीतीमुळे सराव टळतो आणि सराव टळल्याने धोका वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडावयाचे तर खलाशाला धाक घालून चालणार नाही. त्याच्या मनात विश्वास निर्माण केला पाहिजे. आणि विश्वास शब्दांनी नव्हे, तर वंगण घातलेल्या दोराने व जागेवर बसलेल्या अडसराने निर्माण होतो.

दुसरा शत्रू थकवा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दोन तासांत उठवून कवायतीस उभे केले, तर त्याचा हात चुकला यात नवल कसले? २००६ सालच्या सागरी श्रमिकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, कवायतींमुळे विश्रांतीत कमीत कमी व्यत्यय यावा आणि थकवा येऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पाच किंवा अधिक खलाशी असलेल्या जहाजावर सुरक्षा समिती असावी, असेही त्यात सांगितले आहे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला आहे. तेव्हा सदोष आकडा दाखवून देणारा तरुण खलाशी हा कामचुकार नव्हे. तो आपले कर्तव्यच बजावीत असतो, हे मालकाने आणि अधिकाऱ्याने ओळखले पाहिजे.

आपला वाटा

आपल्या देशाला लांबच लांब समुद्रकिनारा लाभला आहे. गुजरात, कोकण, गोवा, केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल अशा सर्वच किनाऱ्यांवरील घरांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली आहेत. आणि आता समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या गावांतील तरुणही या व्यवसायात येत आहेत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाची आठवण कोकणातील कित्येक घरांत आजही निघते. समुद्र काय हिरावून नेतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

आपल्या घरचा कोणी बोटीवर असेल, तर तो फोनवर बोलताना ‘जेवलास का?’ आणि ‘घरी केव्हा येणार?’ हे आपण विचारताच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारीत चला. ‘कवायत झाली का रे, आणि नीट झाली का?’ घरच्यांनी ही चौकशी केली की त्या तरुणालाही वाटते, आपण तपासून पाहिले पाहिजे.

आणि आपण स्वतः अंदमानला किंवा लक्षद्वीपला बोटीने जाल, तेव्हा प्रवाशांच्या कवायतीचा भोंगा ऐकून कंटाळू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्या दिवशी बोटीवर चढलेल्या पुष्कळ प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. चोवीस तासांच्या आत ती घेतली म्हणजे पुरे, असा तेव्हाचा नियम होता. दीर्घ सफरीच्या प्रवासी जहाजांवर १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तेव्हा मुलांना बरोबर घेऊन जा, जाकीट कसे बांधतात ते त्यांना दाखवा आणि आपली नौका कोणती ते पाहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे.

त्या मालवाहू जहाजावरील कवायत आता संपली आहे. नौका आपल्या जागी येऊन विसावली आहे. सारंगाने आकड्यांवरून एकदा शेवटचा हात फिरविला, अडसर खुणेवर असल्याचे पाहिले आणि मगच आपल्या माणसांना सुट्टी दिली. हजेरीच्या वेळी जितकी नावे पुकारली होती, तितकीच माणसे परतली. कवायत यशस्वी झाली ती किती मिनिटांत, हे वहीत लिहिले जाईल. परंतु तिच्या यशाचे पहिले माप हेच, की सगळे परत आले.